दोन इंच पाणी

विजयमाला काय काम करते हे वस्तीवर कुणालाच धड सांगता यायचं नाही. तिचा बाप येडबा एवढंच म्हणायचा, "पोरगी तेल काढती." त्यावर पारावर बसलेलं कुणीतरी हमखास विचारायचं, "कंचं वो? गोडं का राकेल?" येडबा खांद्यावरची घोंगडी नीट करत म्हणायचा, "जमिनीतलं. तू टकुऱ्याला चोपडतूस तसलं न्हाई."

खरं तर विजयमालानं तेलाचा एक थेंबही कधी काढला नव्हता. ती बडोद्याच्या एका कंपनीत दोन पडद्यांपुढं बसायची आणि कुणी न पाहिलेली जमीन कॉम्प्युटरात उभी करायची. पाच-सहा हजार फूट खाली वाळूचा खडक असतो, त्याच्या बारीक भोकांत तेल आणि वायू अडकलेला असतो. तो खडक ती लाखो चौकोनी खणांत कापायची. प्रत्येक खणाला सांगावं लागायचं, तुझ्यात पोकळी किती, तेल किती, आणि शेजारच्या खणाकडं ते वाहणार किती. खरी माहिती जिथं विहीर खोदली तिथलीच असायची, आणि पन्नास चौरस मैलांत विहिरी असायच्या वीस-पंचवीस. मधलं सगळं शेजारपाजारच्या विहिरींवरून अंदाजानं भरायचं.

मग यायची जुळवणी. कॉम्प्युटराला म्हणायचं, तीस वर्षं मागं जा आणि या विहिरींतून किती तेल निघालं असतं ते सांग. त्याचं उत्तर आणि कंपनीच्या दप्तरातला आकडा एक आला, तर नकाशावर विश्वास ठेवायचा. नाही आला तर खडक बदलत बसायचं. विजयमालाचा हात जुळवणीत बसलेला होता. तिचे साहेब नव्या मुलांना तिच्याकडं पाठवायचे आणि पाठवताना एकच गोष्ट बजावायचे, एखादी विहीर हट्टानं जुळत नसेल तर खडकाला हात लावायच्या आधी तो आकडा कुणी लिहिला ते शोधा.

इथवर ती कशी पोचली ते वस्तीला पाठ होतं. येडबाची पन्नास-साठ मेंढरं. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, निघायचा, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठाकाठानं. शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची आणि मृग जवळ आला की परतायचं. बाई वाड्याबरोबर नसेल तर भाकर कोण थापणार, कोकरं कोण सांभाळणार? पण सुगंधाबाई पोरांच्या शाळेसाठी मागं राहिली. भावकी हसली. "येडबाची बायको साहेबीण झाली," म्हणाली. येडबानं सोळा वर्षं सहा-सहा महिने हातानं भाकरी थापल्या. पहिली दोन वर्षं त्या भाकरी कुत्रंसुद्धा हुंगून सोडायचं, असं तो स्वतःच सांगायचा. पोरगी ताडकळसला शिकली, परभणीला शिकली, नांदेडला दगडांचं शास्त्र शिकून पहिली आली. बडोद्याला नोकरी लागली. स्थळं यायची, शिक्षण ऐकून चहा पिऊन परत जायची. छत्तिशी उलटली तशी तीही यायची थांबली.

चार वर्षांपूर्वी सुगंधाबाई गेली. आणि गेल्या भादव्यात येडबा ओढ्यात घसरला. गुडघ्याची वाटी सरकली. डॉक्टर म्हणाला, चालणं बेतानं. विजयमालानं घरून काम करायची परवानगी काढली आणि लॅपटॉप घेऊन वस्तीवर आली. घराच्या वर माळवदावर नेटवर्क धरायचं. तिथं छत्री उघडून ती बसायची, खाली भावजय निकिता भाकरी थापायची.

भाऊ रामहरी या दिवसाचीच वाट पाहत होता. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानं विषय काढला.

"आबा, आता बास करा. गुडघा असा, माज्यानं मेंढरामागं व्हत न्हाई. इका अन् पाच एकरात हळद लावू."

"हळद काय वाऱ्यावर येती का? पाणी कुठाय?"

"बोअर मारू. झरीचा पाणाड्या आणतो मी. हातावर नारळ धरतंय, लय खात्रीचा हाय म्हनतेत."

येडबानं घास तसाच हातात धरला. मग लेकीकडं पाहिलं. "घरात सहा हजार फुटाखालचं बघणारी असताना नारळ कामून? आपल्याला चारशे फुटाचंच बघायचंय. मालू, सांगशील का नाही?"

"आबा, माझा खडक वेगळा. इथं काळा पाषाण आहे. त्यात पाणी भेगांत असतं, कुठं गावतं, कुठं नाही."

"दगडच हाय ना?"

"हो, पण…"

"मंग झालं तर. तू म्हनलीस पाणी हाय, तर मेंढरं इकीन. न्हाई म्हनलीस तर मरंस्तोवर मेंढरामागं हिंडीन. माजं वझं तुज्यावर."

ती नाही म्हणू शकली असती. पण सोळा वर्षं करपलेली भाकर खाल्लेला माणूस पहिल्यांदा तिच्याकडं काहीतरी मागत होता.

मग दर रविवारी ती वही घेऊन शिवारात फिरू लागली. ओढ्याच्या दोन्ही अंगाला मिळून एकवीस बोअर होते. किती फुटांवर मांजऱ्या, म्हणजे मऊ भोकाभोकांचा खडक लागला, पाणी किती इंच, कोणत्या साली आटलं. बोअर मारल्यावर किती जाड धार पडते त्यावरून इंच ठरतो. अर्धा इंच म्हणजे जेमतेम, दोन इंच म्हणजे नाव असलेलं घराणं. पुरुष ओसरीवर बसून सांगायचे, बायका चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. शेजारच्या रानातला, मेंढरं पाळणारा बिरदेव तर म्हणाला, "लिव्ह दीड. अन् काम्पुटरला म्हनावं, जरा आमच्याकडं बी सरकीव पाणी."

शेवटी घरचा बोअर राहिला. अकरा वर्षांपूर्वी, रामहरीच्या लग्नाच्या आधी मारलेला. तेव्हा ती बडोद्याला होती. आता त्यात गाळ भरून मोटर अडकली होती, म्हणून तो बंदच होता. संध्याकाळी येडबा बाजेवर गुडघा शेकत पडला होता, निकिता चुलीपुढं होती. विजयमालानं वही उघडली.

"आबा, आपल्याला किती लागलं होतं?"

येडबानं चुलीकडं पाहिलं. निकिताचा हात परातीत थांबला आणि पुन्हा चालू लागला.

"दोन इंच," येडबा म्हणाला. "एकशेऐंशी फुटावर."

"आणि आटलं कधी?"

"आटलं न्हाई. गाळ बसला. न्हाईतर बारमाही व्हतं."

तिनं लिहून घेतलं.

शिवाराची नक्कल करायला तिला दीड महिना लागला. दिवसा कंपनीचं तेल आणि मधल्या सुट्टीत बापाचं पाणी. जमिनीचे खण पाडले, ओढ्याखालून जाणारी भेग आखली, अकरा वर्षांचा पाऊस घातला आणि कॉम्प्युटराला विचारलं, कोणता बोअर केव्हा आटला असता? वीस बोअर जुळले. एकविसावा, घरचा, काही केल्या जुळेना. कॉम्प्युटर म्हणायचा, या रानात संक्रांतीनंतर पाणी राहूच शकत नाही.

बडोद्यात असती तर तिनं पहिल्यांदा दप्तर मागवलं असतं. हा आकडा मोजला कुणी, कशानं मोजला, सही कुणाची? तिथं तिनं मोठमोठ्या इंजिनिअरांचे आकडे खोडून टाकले होते. पण घरच्या बाजेवरून आलेल्या आकड्यावर संशय घ्यावा हे तिच्या मनातही आलं नाही. तिनं खडकाला हात लावला. ओढ्याखालची भेग थोडी वाकवली, आपल्या रानात आणली. नाही जुळलं. आणखी वाकवली. आणि एका दुपारी एकवीसच्या एकवीस बोअर जुळले. तिला इतका आनंद झाला की ती जिन्यावरून जवळजवळ धावतच खाली आली.

लॅपटॉप बाजेवर ठेवून तिनं बापाला रान दाखवलं. बांध, लिंब, ओढा, आणि खाली जमिनीच्या पोटात शिरलेली ती वाकडी भेग. येडबा बराच वेळ पाहत राहिला. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं, मग काचेला डाग पडेल म्हणून बोट मागं घेऊन धोतराला पुसलं.

"हितं?"

"इथं. लिंबापासून चाळीस पावलं."

"किती खात्री?"

"शंभरातले सत्तर."

"सत्तर म्हंजे पास की गं," येडबा हसला. "रामहरी तर पस्तिसावर निघालाय दहावी."

तिलाही हसू आलं. तेलाच्या धंद्यात शंभरातले तीस असले तरी कंपनी विहीर खोदते. पण कंपनी दहा विहिरी खोदते, तीन लागल्या तरी तिचं भागतं. तिच्या बापाकडं एकच होती. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी फक्त तिनं ते बोलून दाखवलं नाही, आणि पुढं कितीतरी दिवस तिला तेवढंच आठवत राहिलं.

बोअरची गाडी सोमवारी येणार होती. शुक्रवारी ती माळवदावर कंपनीच्या मीटिंगमध्ये होती. खाली टेम्पो येऊन थांबला आणि मेंढरांचा गलका झाला. मीटिंग तशीच सोडून ती खाली आली. परभणीचा व्यापारी टेम्पोचं फळकं पाडून उभा होता. अर्धी मेंढरं वर चढली होती. येडबा एकेकाला पाठीवर हात ठेवून वर सोडत होता.

"आबा, थांबा. बोअर तर होऊ द्या आधी!"

"सत्तर म्हनलीस ना?"

"सत्तर म्हणजे तीस राहतात ना आबा. तीन दिवसांनी काय बिघडतंय?"

येडबानं तिच्याकडं पाहिलं नाही. एका काळ्या मेंढीचा कान त्यानं उगाच चाचपला. "पाणी लागल्यावर माज्यानं व्हायचं न्हाई गं मालू. म्हनीन, पाणी बी राहू दे, मेंढरं बी राहू दे. आता उमेदीत हाय तवर जाऊ दे."

रामहरी फळक्यापाशी उभा होता. "आक्के, तू नको मधी पडू. जमलंय त्यांचं मन."

टेम्पो गेला. येडबा मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीत, रिकाम्या जागेत, काठी टेकून उभा राहिला. निकितानं चहा आणला तो त्यानं तिथंच प्यायला.

सोमवारी गाडी आली. निकितानं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. शेजारपाजार जमला. बिरदेव म्हणाला, "येडबातात्या, धार पडली की पयला पाट आमच्याकडं." मशीन सुरू झालं. चाळीस फुटांवर मुरूम संपला. एकशेवीसवर मांजऱ्या लागला, भुकटी जरा दमट आली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. एकशेऐंशी आलं. विजयमाला भुकटी मुठीत घेऊन उभी होती. कोरडी होती. दोनशे दहा. काळा पाषाण, अखंड, कुठं भेगेचा मागमूस नाही. तीनशेला बायका घरी जायला लागल्या. चारशेला बिरदेव बोलायचा थांबला. पाचशेला मशीनवाल्यानं इंजिन बारीक केलं आणि तोंडावरचा रुमाल सोडून विचारलं, "आणखी घालू का?"

सगळे विजयमालाकडं पाहत होते. तिच्या केसांवर, पापण्यांवर पांढरी भुकटी बसली होती.

"नको," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं येडबाला वाघरीपाशी गाठलं. तो खाली बसून जाळी गुंडाळत होता. रात्रभर तिनं आकडे तपासले होते, चूक सापडत नव्हती. सापडत नव्हती म्हणून तिला जास्त भीती वाटत होती.

"आबा, खरं सांगा. त्या बोअरला दोन इंच होतं?"

येडबा जाळी गुंडाळत राहिला. मग हात थांबले.

"आर्धा व्हतं," तो म्हणाला. "संक्रांतीला आटायचं."

तिनं त्याच्या हातातलं जाळीचं टोक धरून ठेवलं.

"तुज्या आईनं सांगितलं व्हतं दोन. सोयरीक जमायलीती. मेंढपाळाच्या घरी पोरगी कोण देतंय आता? ती म्हनली, सांगा दोन इंच, एकदा पोरगी घरात आली की इंच कोण मोजतंय. पाव्हणे आले तवा पाऊसकाळ व्हता, धार बी मोठी पडली. आता सून घरात. अकरा वर्सं झाली. तिच्यासमोर कसं म्हनू, आमी खोटं बोललाव? अन् तुजी आई तर गेली. तिचा शब्द मी कसा खोटा पाडू?"

"मग मला बाजूला घेऊन सांगायचं होतं आबा! माझं सगळं त्या आकड्यावर उभं होतं."

येडबानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत खरोखरचं नवल होतं.

"मला काय ठाव? मला वाटलं, मशीन बघतंय. खालचं दिसतंय त्याला. माज्या सांगण्यावर थोडंच चालतंय ते."

विजयमालाला नोकरीला लागून चौदा वर्षं झाली होती. दर दिवाळीला हा माणूस विचारायचा, तिकडं काय करतीस गं? आणि ती म्हणायची, आबा, मी जमिनीखालचं बघते. समजावून सांगायचा तिला कंटाळा यायचा.

दुपारी रामहरी भडकला. "वीस वर्सं शिकलीस ना आक्के? त्यो पाणाड्या चौथी नापास हाय, पर त्याचं निम्मं तरी खरं निघतंय. तुज्या नादी लागून मेंढरांची खांड गेली. आता बापाला काय मी पाठीवर बांधून हिंडू?" येडबा बाजेवर बसला होता. खोलीत निकिता होती.

"माझं चुकलं," विजयमाला म्हणाली. "भेग मी चुकीच्या जागी आखली. माझाच अंदाज होता तो."

ती बापाकडं न पाहता बोलली. पण कानांनी वाट पाहत होती, तो एक शब्द तरी बोलेल म्हणून. येडबा गुडघ्यावरचं फडकं काढून पुन्हा घट्ट बांधत बसला. गाठ बसली तरी आवळत राहिला.

आठ दिवसांनी कंपनीचा फोन आला, परत या. ती बॅग भरत होती तेव्हा निकिता शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"आक्का, तुमी कशाला आंगावर घेतलं?"

"काय?"

"मला काय ठाव न्हाई व्हय? अर्धा इंच पाणी." निकिता हळू बोलत होती. "लगीन होऊन आले त्या माघातच कळलं. बोअरवर घागरी भरायला कोण बसायचं? तीन घागरी भरल्या की मोटर कोरडी वढायची. मंग तासभर बसा. पाचव्या दिवशी मी माहेरी फोन करून रडले. माय म्हनली, गप ऱ्हा, आपण बी तुज्या भावाच्या टायमाला दीड इंच जास्ती सांगितलंय."

विजयमाला बॅगेवर बसली. "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मामा म्हनले दोन, अन् मी परातीतनं म्हनू का, न्हाई, आर्धा? तुमच्या आईचं नाव काढून? अन् मला कुठं इचारलं तुमी?" तिच्या आवाजाला पहिल्यांदा धार आली. "तुमी वीस घरं हिंडलाव. वसरीवर बसून बाप्यांला इचारलं. पाणी भरतंय कोण, अन् इंच सांगतंय कोण. आत येऊन एका बाईला इचारलं असतं, तर बिरदेवतात्याचं दीड बी पाऊणावर आलं असतं."

चटणीची पुडी बॅगेत ठेवून निकिता म्हणाली, "मामाला सांगू नका बरं. मला ठाव हाय म्हनून. एवढंच एक ऱ्हायलंय त्यांच्यापाशी."

विजयमालानं घरचा आकडा अर्ध्यावर आणला आणि निघायच्या आधी नक्कल पुन्हा एकदा चालवली. भेग सरळ झाली. ती ओढ्याखालून तशीच पुढं गेली, त्यांच्या रानाला न शिवता. लिंबाजवळच्या जागेला शंभरातले नऊ आले. तिनं ते कुणाला दाखवलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी बिरदेवचा वाडा हलला. या साली त्याला उशीर झाला होता, हाताखाली माणूस मिळत नव्हता. येडबा त्याच्याकडं गडी म्हणून राहिला होता. रामहरी भांडला, विजयमालानं हात जोडले. "घरात बसून भिताडं बघू का?" एवढंच तो म्हणाला. अडुसष्टावं वर्ष, गुडघ्याला पट्टा. बिरदेव तिला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, मी तात्याला चालवनार न्हाई लय. बिऱ्हाडाच्या घोड्यावर बशीवतो." पण येडबा घोड्यावर बसणार नाही हे दोघांनाही कळत होतं.

ती बसच्या फाट्यापर्यंत वाड्याबरोबर चालली. येडबानं जरा मागं राहून तिला गाठलं.

"रामहरीला काई बोललीस का? त्या इंचाचं?"

"न्हाई आबा."

"अन् सुनेला?"

"तिला काही माहीत नाही," विजयमाला म्हणाली. "तिला वाटतं माझ्या मशीनचंच चुकलं."

येडबाचे खांदे एकदम सैल झाले. त्यानं मान हलवली, तिच्या पाठीवर हात ठेवला, मेंढीच्या पाठीवर ठेवतात तसा, उपडा. "बरं झालं," तो म्हणाला. "तुजं काय, तू लांब असतीस. तुला कोण काय म्हनंल?"

बस दिसली. मेंढरं रस्त्यावर पसरली होती आणि ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. येडबा लंगडत पुढं झाला, काठी आडवी धरली आणि जीभ टाळूला आपटून हाक घातली, आयुष्यभर घालत आला होता तीच. एकाही मेंढरानं कान हलवला नाही. त्यानं पुन्हा हाक घातली. मग पलीकडून बिरदेवनं आपली शीळ घातली, तसा कळप बांधाकडं वळला आणि येडबा त्याच्यामागं, धुळीतून.

विजयमाला बसमध्ये चढली. कंडक्टरनं विचारलं, कुठं? तिनं परभणी सांगितलं आणि धूळ खाली बसेपर्यंत मागच्या काचेतून पाहत राहिली.